बाभळीचे नाव कोणी नेले?

१/ वेळणेश्वरकडे जाताना रस्त्याकडेला कोयत्याच्या पात्यासारख्या पानांची, कानासारख्या पिळदार शेंगांची झाडे दिसतात. आपण त्यांना ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हणतो. काटा मात्र एकही नाही. शास्त्रीय नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस.

२/ ‘अकेशिया’च्या मुळाशी काट्याचा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. १७५४ साली फिलिप मिलर यांनी ही प्रजाती मांडली. पुढे तिचा प्रमाणनमुना ठरली ती आपली काटेरी बाभूळ.

३/ ऑस्ट्रेलियात या गटाच्या सुमारे हजार जाती. म्हणून नाव त्यांनाच द्यावे, असा प्रस्ताव २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत आला. सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली. पण फेटाळण्यास ६० टक्के हवी होती! २०११ साली मेलबर्नला शिक्कामोर्तब झाले. बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली, खैर ‘सेनेगॅलिया’.

४/ तिकडचे ‘वॉटल’ हे नावही वसाहतकारांचे. कुडाच्या भिंतीसाठी विणलेल्या काटक्यांवरून ते पडले. त्याआधी तेथील आदिवासींची या झाडांना स्वतःची नावे होती. ‘मुल्गा’ त्यांपैकीच एक.

५/ शास्त्रीय नाव मतदानाने बदलते, बदलो. लोकनाव राखणे मात्र आपल्या हाती आहे. खैराच्या कातावरून कातकरी जमातीला नाव मिळाले, इतके ते नाते खोल. बिनकाट्याच्या पाहुण्याला ‘बाभूळ’ म्हटले की तो घरचा वाटू लागतो, आणि खैराची जागा त्याला दिल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही. म्हणून रोप लावण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे.