दोन उन्हाळ्यांची जोखीम

विषुववृत्तावरचे झाड म्हटले की डोळ्यांपुढे घामाने निथळणारे जंगल येते. अशा झाडाला पुण्याचा उन्हाळा सोसत नाही असे मी सांगितले, तेव्हा आमच्या सौ. चक्क हसल्या. पण वाचकहो, विषुववृत्त वेगळे आणि उंची वेगळी. हजार मीटर चढले की हवा सुमारे सहा अंशांनी गार होते. बोर्निओतला किनाबालू पर्वत ४,०९५ मीटर उंच. त्याच्या अंगावर, दीड हजार मीटरच्या वर, ‘राजा’ नावाची घटपर्णी ढगांत राहते. १८५८ साली ह्यू लो याला ती सापडली. पुढच्याच वर्षी जोसेफ हूकरने तिचे बारसे केले. (राजा म्हणजे सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक, आपल्याकडचा कोणी नव्हे!) तिच्या मोठ्या घटात तीन लिटरहून अधिक पाणी मावते. त्यात पडून मरणाऱ्या किड्यांवर ती जगते. रात्री मात्र तिथे माणसाला शाल लागते.

आमच्या घरी आहे ती तिची सुलावेसी बेटावरची चुलत बहीण, ‘हमाटा’. हमाटा म्हणजे लॅटिनमध्ये आकडेवाली. घटाच्या तोंडाशी वाघनखांसारखी काळसर रांग असते. रोप रानातून उपटलेले नाही, प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेले आहे. माझा एक विद्यार्थी शिकायला जर्मनीला गेला. जाताना कुंडी माझ्या हाती देऊन म्हणाला, “सर, हिचे दोन उन्हाळे तेवढे काढून द्या.” दर रविवारी तो फोनवर प्रकृती विचारतो. माझी नव्हे, तिची.

दुपारचा उकाडा सावलीत ती थोडाफार सोसते. तिला मारते ती गरम रात्र. दिवसा उन्हात झाड साखर कमावते, रात्री श्वसनात ती खर्च करते. आणि हवा जितकी गरम, तितका खर्च अधिक. प्राध्यापकाला हे समजावून सांगायला नको. महिनाअखेर शिल्लक उरली नाही की पाने लहान निघतात आणि टोकाला घट धरत नाही. तिला रात्री १२ ते १६ अंश हवेत. पुण्यात मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा सहसा २२-२३च्या खाली येत नाही.

शेजारच्या काकांनी माठाची युक्ती सुचवली. माठ गार होतो तो पाणी झिरपून वाळते म्हणून, आणि वाळायला हवा कोरडी लागते. हिला तर दमट हवा हवी. दमट पेटीत ओले फडके नुसते ओलेच राहते. वातानुकूलन यंत्र हवा सुकवते, शिवाय बिल माझ्या नावाने येते.

उरला बर्फ. बर्फाचा गुण असा, की एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्यात तेवढेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. कोळणींकडे असतो तसला थर्मोकोलचा पेटारा आणला. रात्री दहाला कुंडी आत, कोपऱ्यांत गोठवलेल्या चार बाटल्या. त्या पानांना टेकू द्यायच्या नाहीत. गार हवा तळाशीच बसते, म्हणून जुन्या संगणकातला एक चिमुकला पंखा आत फिरतो. अडीच वाजता गजर, मग दुसऱ्या चार बाटल्या. पाणी पावसाचे साठवलेले, कारण नळाच्या पाण्यातले क्षार तिला चालत नाहीत.

“आमरसाला जागा नाही, आणि हिच्या बाटल्यांना आहे!” हे सौ.चे म्हणणे. ते खोटे नव्हते.

तरीही मे महिन्यात दोन पाने आखूड निघाली. घट एकही नाही. त्या रविवारी मी फोनवर हवापाण्याविषयी बराच वेळ बोललो. पाऊस पडला, रात्री निवल्या, आणि दसऱ्याच्या सुमारास एका पानाच्या टोकाला मुगाएवढी गाठ दिसली. तिचा घट होतो की ती वाळून जाते, हे अंक तुमच्या हाती पडेपर्यंत कळेल. दुसरा उन्हाळा अजून यायचाच आहे, आणि फ्रीज तेवढाच आहे.