रविवारचा डोंगर आणि सोमवारचा डोंगर

सुट्टीत काय केले, हा प्रश्न कॉलेज उघडल्यावर प्रत्येकाला विचारला जातो. कोणी मामाच्या गावी आंबे खाऊन आलेला असतो, कोणी संगणकाचा वर्ग पुरा केलेला असतो. आम्ही चौघांनी गेल्या उन्हाळ्यात चर खणले. हे ऐकून समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "त्याचे गुण मिळतात का?" गुण मिळाले नाहीत. मजुरी मिळाली, तीही खणलेल्या मापाने, म्हणजे गावकऱ्यांच्या निम्मीच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या एका वाडीत आम्ही महिनाभर राहिलो. उतारावर समतल चर काढण्याचे काम चालू होते. फक्कीने आखलेल्या रेघेवर दोन फूट रुंद, फूटभर खोल खणायचे आणि निघालेली माती खालच्या अंगाला रचायची. सोमवार ते शनिवार टिकाव-फावडे आणि रविवारी भटकंती, असा बेत होता. रतनगडाचे नेढे, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, अशी यादी मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली होती. खरे सांगायचे तर त्या रविवारांसाठीच आम्ही बाकीचे सहा दिवस पत्करले होते.

पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात ते फुटले. तिसऱ्या रविवारी आम्ही पहाटे कळसूबाई चढलो. शिड्या, वारा, देवीचे छोटेसे देऊळ, खाली पसरलेले भंडारदऱ्याचे पाणी! उतरताना ऊन डोक्यावर आले होते. वाटेत एक झिरा लागला. हातभर खोल खड्डा, त्यात तळाशी साचलेले नितळ पाणी. आम्ही त्यात तोंडे धुतली, डोकी भिजवली, एकाने तर बूटही धुतले. सगळेजण खूश होऊन वाडीवर परतलो.

सोमवारी माझ्या शेजारी खणणाऱ्या मावशी भाकरी सोडताना सहज म्हणाल्या, "काल झिऱ्यावर तुमीच व्हता ना, पोरांनो? पानी लई गढूळ झालं व्हतं. निवळंस्तवर बसून ऱ्हायले. दिवस बुडाला मंग हंडा भरला." आवाजात राग नव्हता. उलट भाकरीचा चतकोर त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो चतकोर गिळताना मला फार जड गेले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

हा मुलूख काही पावसाला पारखा नाही. जवळच्याच घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण काळा पाषाण. पडलेले पाणी थांबतच नाही. पूर्वेकडे वाहिलेले प्रवरेला मिळते आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणातून कालव्यांनी खालच्या ऊसमळ्यांना जाते. पावसाळ्यात ज्यांच्या घरावर ढग फुटतात, त्यांनीच मे महिन्यात एका हंड्यासाठी झिऱ्याकाठी बसायचे! आम्ही खणत होतो ते चर याच पळणाऱ्या पाण्याला अडवून जमिनीत मुरवण्यासाठी होते. सहा दिवस पाणी अडवायचे आणि सातव्या दिवशी त्यात बूट धुवायचे, असा आमचा हिशेब झाला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याला डोंगर फक्त रविवारचा माहीत असतो. त्याची उंची पाठ असते, छायाचित्रे खिशात असतात. पण सोमवारी तेथे कोण राहते, काय पिते, हे आपण विचारीत नाही. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला याच भागात गाड्यांची रांग लागते आणि दिव्यांच्या झोतात काजवेच दिसेनासे होतात, तेही याच अज्ञानापोटी.

कोणी म्हणेल, मग भटकणे सोडायचे का? मुळीच नाही. येणाऱ्यांमुळे वाडीतल्या काही घरांना जेवणाचे, वाट दाखवण्याचे चार पैसे मिळतात. आणि आमच्यासारख्यांच्या निम्म्या मापाच्या चरांनी गावाचे भले होईल, असा भ्रमही मला नाही. श्रमदानाच्या शिबिरात स्वच्छ कपड्यांनी घमेले उचलून छायाचित्र काढण्याची हौस आपण पुष्कळ भागवली आहे. कष्टाचा उपयोग आधी आपल्यालाच होतो. ज्याने त्या कातळावर टिकाव मारून पाहिला, त्याला तेथल्या ओंजळभर पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

म्हणून आपल्या गिर्यारोहण मंडळाला माझी एक सूचना आहे. प्रत्येक मोहिमेला एक दिवस जोडा. ज्या गावातून वाट जाते तेथे आदल्या दिवशी मुक्काम करा, गाव सांगेल ते काम करा आणि पिण्याचे पाणी कोणते, हे आधी विचारा. शिखर दुसऱ्या दिवशीही जागेवरच असते.

निघायच्या दिवशी आम्ही त्या झिऱ्यावर गेलो. गाळ उपसला, कडेने दगड लावले. मावशी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "आता पावसाळ्यात या, चर भरल्यालं बघाया." यंदा जाणार आहोत. कोण येता?