बासरी, ओकारिना आणि आरटीसी क्रॉस रोड

कोल्हेकुईसारखे दोन स्वर झरझर वरखाली होतात आणि त्यांना लगेच उत्तर येतं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा काउबॉयपट न पाहिलेल्यालाही ही धून ओळखीची वाटते. एनियो मोरिकोनेने १९६६ मध्ये रचलेली ही स्वरावली तिन्ही पात्रांना एकच आहे. नायकासाठी ती बासरीवर येते, खलनायकासाठी ओकारिना या फुंकवाद्यावर आणि तिसऱ्या भामट्यासाठी माणसाच्या गळ्यातून. पात्राने तोंड उघडायच्या आत कानाला त्याची ओळख पटते.

पडद्यावर आधी कानाने माणूस ओळखायचा, हे हैदराबादकराला कुणी सांगायला नको. आरटीसी क्रॉस रोडच्या थिएटरात मोठ्या नटाच्या सिनेमाचा पहिला खेळ पाहावा. चेहरा अजून दिसलेला नसतो, नुसते बूट दिसतात. बीजीएम म्हणजे पार्श्वसंगीत चढत जातं आणि तेवढ्यावर शिट्ट्या घुमतात, कागदाचे कपटे उडतात. तेलुगू प्रेक्षक याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’सारख्या सिनेमातला काउबॉय तेलुगूत आणला तो नट कृष्णा यांनी. त्यांच्या ‘पद्मालया’ या निर्मितीसंस्थेचा ‘मोसगाळ्ळकू मोसगाडू’ १९७१ मध्ये आला. चित्रीकरण राजस्थानच्या वाळवंटात झालं, दिग्दर्शक होते के. एस. आर. दास. संगीत पी. आदिनारायण राव यांचं, म्हणजे ‘सुवर्णसुंदरी’तलं ‘कुहू कुहू बोले कोयलिया’ बांधणाऱ्या संगीतकाराचं! रागमाला गुंफणारा हात घोड्यांच्या टापांकडे वळला, याचं मला फार अप्रूप आहे. २००२ मध्ये कृष्णांचे चिरंजीव महेश बाबू ‘टक्करी दोंगा’मध्ये काउबॉय झाले. कृष्णांच्या निधनानंतर, ३१ मे २०२३ ला त्यांच्या जयंतीदिनी ‘मोसगाळ्ळकू मोसगाडू’ पुन्हा पडद्यावर आला.

अशा सिनेमांना नक्कल म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा दिग्दर्शक सर्जिओ लिओने इटलीचा, चित्रीकरण बहुतेक स्पेनमध्ये, गोष्ट अमेरिकेची. त्याच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चं कथानक तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून उचललेलं होतं, आणि त्यावरून जपानी निर्मात्यांनी दावाही लावला. त्या सिनेमाला पैसा बेताचा होता. म्हणून मोठ्या वाद्यवृंदाऐवजी मोरिकोनेने शीळ, चाबकाचा फटकारा आणि गिटार यांवर भर दिला, आणि अडचणीतून नवी शैली जन्मली.

एका देशाच्या मातीत न रुतलेलं हे संगीत म्हणूनच कुठेही रुजलं. ‘मेटॅलिका’ हा रॉक बँड १९८३ पासून आपल्या मैफली ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’तल्या ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ने सुरू करत आला आहे. लिओनेने जपानकडून घेतलं, अमेरिकेकडून घेतलं आणि स्वतःचं काही घडवलं. त्याला आपण प्रतिभा म्हणतो. कृष्णांनी राजस्थानच्या वाळूत तेच केलं, तेव्हा त्यांनाही तोच शब्द लावला पाहिजे.