यंत्र, पाकीट आणि टाचणी

पाकिटे भरणारे यंत्र म्हटले की आमचे व्यापारी बांधव आधी वेग विचारतात. आमच्या मते खरी करामत वेगात नाही. हवा शोषून पाकिटाचे तोंड उघडणे, कागद आत सारणे, गोंद ओला करून चिकटवणे, हे माणसाचा हातही करतो. मोठेपण आहे ते कागदाच्या कडेवर छापलेल्या काळ्या खुणांत. यंत्र त्या वाचते आणि एका गिऱ्हाइकाची सगळी पाने त्याच्याच पाकिटात घालते. एकाची उधारी दुसऱ्याच्या हाती पडली, की भाव फुटतो आणि अब्रूही जाते. हिशेब ही अमानत आहे.

पुढचे काम टपालखात्याच्या छाटणी यंत्राचे. मुंबईत ते १९९३ साली आले, चेन्नईत १९९६ साली. तरी आपण कापडाचे नमुने टाचणी लावून पाकिटात कोंबतोच! असे फुगीर पाकीट यंत्रात अडकते किंवा हाताने छाटण्यासाठी बाजूला पडते. मग उशिराबद्दल शिव्या खातो पोस्टमन. नमुना सपाट चिकटवावा. जाड असेल तर सरळ पार्सल करावे. आणि पिनकोड ठळक लिहावा. श्रीराम वेलणकरांनी १९७२ साली दिलेले ते सहाच आकडे आहेत, मालेगावचे ४२३२०३. आमच्या पेठेतल्या कित्येक पाकिटांवर तेही नसतात.