उभी गाडीही बॅटरी खाते

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज होऊन गेली होती. नवी पेठेतली दुकानं बंद झाली होती आणि आम्ही जेवायला बसलो होतो. तेवढ्यात अब्बांना घाम फुटला आणि छातीत जड वाटू लागलं. अम्मीने पाण्याचा ग्लास पुढे केला. आम्ही किल्ली घेऊन मागच्या बोळात धावलो. सेल्फ मारला, तर नुसता ‘टक-टक-टक’ आवाज आला. पुन्हा मारला, तर तोही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

शेजारच्या रिक्षावाल्या भाईंनी अंगावर शर्ट चढवत रिक्षा काढली आणि अब्बांना दवाखान्यात पोहोचवलं. वेळेवर उपचार मिळाले, अल्हम्दुलिल्लाह, अब्बा आज बरे आहेत. अशा वेळी आपल्या गाडीच्या भरवशावर न राहता आधी १०८ ला फोन करायचा, हे डॉक्टरांनी आम्हाला तिथेच बजावलं. पण बंद पडलेली ती गाडी डोक्यातून जाईना.

गाडी आमची नव्हतीच. आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने सुट्टीत हौसेने घेतलेली. लाल रंग, चकाकणारी चाकं, डिकीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर. गल्लीतली पोरं तिला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतात. जाताना किल्ली आमच्या हातात देत तो म्हणाला होता, “मामू, ही तुमच्याकडे अमानत. लागली तर बेलाशक वापरा.” आम्ही अमानत सांभाळली, म्हणजे काय केलं? गाडीवर कव्हर घातलं, पोरांना हात लावू दिला नाही आणि तीन आठवडे तिच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावला, तर काटा ११ व्होल्टच्याही खाली. तो म्हणाला, “साहेब, गाडी उभी होती, पण झोपली नव्हती.” मग त्याने जे समजावलं आणि पुढे आम्ही जे पडताळून पाहिलं, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण अशा उभ्या गाड्या आपल्या अनेक घरांसमोर आहेत. कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणी उमऱ्याला जातं. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हाही कितीतरी गाड्या दारातच उभ्या राहून अशाच बंद पडल्या होत्या.

किल्ली काढली म्हणजे सगळं बंद झालं, असा आपला समज असतो. तो खरा नाही. घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोटची वाट पाहणारं लॉक आणि इंजिनाचा कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेतच राहतात. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा खर्च साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. ५० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ एएचची धरली, तर पंधरा दिवसांत निम्मी आणि महिन्याभरात पूर्ण रिकामी. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा प्रवास साधारण चाळीस दिवसांचा असतो. परत आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर दोष कुणाच्या नजरेचा नाही, या हिशेबाचा आहे.

बॅटरी पूर्ण रिकामी होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. सेल्फ फिरवायला त्या क्षणी शंभराहून जास्त अ‍ॅम्पिअर लागतात. अर्ध्यावर आलेल्या, त्यात जुन्या झालेल्या बॅटरीला तेवढा जोर जमत नाही.

आमच्या भाच्याच्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायर होता, जीपीएस ट्रॅकर होता आणि समोर कॅमेराही होता. गाडी बंद असताना मोजलं, तर १२० मिलिअ‍ॅम्पिअर जात होते. म्हणजे बारा दिवसांत बॅटरी साफ. हौसेने बाहेरून बसवलेल्या वस्तूंची वायर बरेचदा थेट बॅटरीला जोडलेली असते. ती किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्यायला सांगावी. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही, तेही एकदा पाहावं. मोबाइल डिकीत चित्रीकरणाला लावून झाकण बंद केलं की कळतं.

त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. बॅटरी कशालाही जोडलेली नसली, तरी आतल्या रासायनिक क्रियेने ती हळूहळू उतरते आणि उष्णता वाढली की ती क्रियाही वाढते. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर शिशाच्या प्लेटांवर गंधकाच्या क्षाराचे कठीण थर बसतात. मग चार्ज करूनही ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणून ‘येईल तेव्हा बघू’ म्हणणं महाग पडतं.

आता उपाय. गाडी किती दिवस उभी राहणार, त्यावर ते ठरतात.

आठवडाभराचा प्रश्न असेल, तर फारसं काही करायला नको. दिवे, पंखा, टेप बंद करून सगळी दारं नीट लावावीत. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीची चावी गाडीजवळच्या खुंटीला टांगू नये. चावी जवळ असली की काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न असेल, तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास खरोखर चालवावी. दारातच पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवल्याने भागत नाही. सेल्फ मारताना गेलेली वीज कशीबशी भरून निघते, इतकंच. नवी पेठेतल्या गर्दीत एसी लावून रांगत गेलो, तरी बॅटरीच्या पदरात फार पडत नाही. आम्ही फजरनंतर, रस्ते मोकळे असताना, होटगी रोडला जाऊन येतो. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी कधीही सुरू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो जीव घेतो.

महिना किंवा त्याहून जास्त दिवस असतील, तर बॅटरीची तार काढून ठेवावी. काढताना आधी काळी, म्हणजे मायनसची. लावताना तीच शेवटी. उलट केलं आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. काढण्याआधी गाडीचं पुस्तक मात्र वाचावं. तार काढल्यावर रिमोट चालत नाही, घड्याळ जातं आणि काही गाड्यांत काचा आणि टेप पुन्हा बसवून घ्यावे लागतात.

खऱ्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना हा त्रास जास्त. त्या गाड्या वर्षातून मोजके दिवस रस्त्यावर येतात आणि आत इलेक्ट्रॉनिक्स भरपूर. काहींची बॅटरी अशा झाकणाखाली असते, की ते झाकणच विजेवर उघडतं. बॅटरी मेली की तिच्यापर्यंत पोहोचायचीच पंचाईत. म्हणून फेरारी, पोर्शेसारख्या कंपन्या स्वतःच बॅटरी राखणारा चार्जर देतात किंवा विकतात. तसा ‘स्मार्ट चार्जर’ आपल्या साध्या गाडीलाही लावता येतो. तो बॅटरी भरली की आपोआप विजेचा जोर कमी करतो. गॅरेजमधला जुना चार्जर तसं करत नाही. तो दिवसचे दिवस लावून ठेवला, तर बॅटरी उकळते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ विडी-काडी नको.

बॅटरीची तब्येत घरीच कळते. साधं मीटर घ्यावं आणि गाडी काही तास उभी असताना मोजावं. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर लगेच चार्ज करावी.

आणि बंद पडलीच तर? आमचे अब्बा सांगतात, जुन्या अ‍ॅम्बेसेडरला हँडल मारून सुरू करत. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा सेल्फ आणला, तिथून ते हँडल हळूहळू गेलं. धक्का मारणंही आता भरवशाचं नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही आणि बॅटरी साफ मेली असेल, तर आजचं इंजिन पेट्रोलही ओढत नाही. मग दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावायची. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी त्या गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली, तर ती बॅटरीच्या वायूपासून दूर उडावी, एवढ्यासाठी.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकू नये. आतलं शिसं विषारी असतं आणि मुलांच्या मेंदूला ते फार घातक. ती नवीन घेताना दुकानात परत द्यावी, पैसेही कमी होतात. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आम्ही भाच्याला फोन करून सगळं सांगितलं. बॅटरीचे पैसे आम्ही भरले, हे ऐकून तो रागावला. आम्ही म्हणालो, “बेटा, अमानत कव्हर घालून सांभाळली जात नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.” दर आठवड्याला चालवू का, असंही विचारून घेतलं. वापरायची परवानगी आधीच होती, पण गाडी त्याची, पेट्रोल कुणाचं आणि फेरी कुठवर, हे बोलून घेतलेलं बरं.

आता दर रविवारी फजरनंतर गाडी निघते. पुढच्या सीटवर अब्बा असतात. निघण्याआधी मीटर लावून आकडा मोठ्याने वाचायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. परवा म्हणाले, “बारा पॉइंट सहा. चला.”