देवनारच्या कचऱ्यावर आमची माणसं राहणार नाहीत

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

निवेदनं देऊन झाली, त्यांची पोचही मिळाली. पुढं काहीच हललं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या माणसांना देवनारला हलवायचं कोणत्या हिशेबानं ठरलं? तिथली 124 एकर जागा आपण या पुनर्वसनासाठी दिलीत. 1927 पासून मुंबईचा कचरा तिथं पडतो आहे, आणि साठलाय सुमारे 185 लाख टन. तो उचलायला महापालिकेनं 2025 मध्ये 2,368 कोटींची निविदा काढली. धारावीच्या पुनर्विकासासाठी अदाणी समूहाची बोली होती 5,069 कोटींची. म्हणजे बोलीच्या निम्म्याच्या घरात जाणारा खर्च करदात्यानं करायचा आणि प्रकल्पात 80 टक्के हिस्सा कंपनीचा! आपल्या औदार्याला खरोखर तोड नाही. 2016 च्या जानेवारीत हाच कचरा कित्येक दिवस धुमसत होता, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. बंद झालेल्या कचराभूमीवर वस्ती नको, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना सांगतात. त्या आपल्या वाचनात आल्या असतीलच.

आणि हे अपात्र कोण? 1 जानेवारी 2000 पूर्वीचा तळमजल्यावरचा रहिवासी असेल तर धारावीतच 350 चौरस फूट, मोफत. 2011 पर्यंतचा असेल तर अडीच लाख भरा आणि धारावीबाहेर 300 चौरस फुटांत जा. त्यानंतरचा असेल किंवा माळ्यावर राहत असेल तर बाहेरच, तेही भाडे-खरेदीवर. धारावीच्या बोळात समोरून माणूस आला की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. खालच्या खोलीत शिलाई मशिनी चालतात. बाहेरच्या उभ्या लोखंडी शिडीवरून, दोर धरून वर चढलं की संसार. पोट त्याच बोळात भरतं. देवनारहून तो माणूस रोज कामाला कसा येणार? पण आपल्या नियमानं त्याचा गुन्हा एकच, तो शिडी चढतो.

साहेब, आम्ही निलंग्याची माणसं, धारावीतल्या आमच्या माणसांसाठी लिहितो आहोत. 1993 च्या भूकंपानंतर सरकारनं बांधलेली गावं आम्ही पाहिली आहेत. 52 गावं हलवली, जमिनीच्या मानानं 250, 450, 750 चौरस फुटांची घरं दिली. भूमिहीनाच्या वाट्याला 250 आलं, त्यावर आजही कुरबूर आहे. पण तिथं खालचा-वरचा असा भेद नव्हता, आणि घर कचऱ्यावरही नव्हतं. धरणी फाटली तेव्हा सरकार इतपत माणुसकीनं वागलं. इथं तर सगळं ठरवून चाललंय.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इतर योजनांत रहिवाशांच्या बहुमताची संमती लागते. धारावीला ती अट आपण ठेवली नाही. संमती मागितली असती तर काय उत्तर आलं असतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं.

देवनारचा निर्णय रद्द करा. माळ्यावरच्या कुटुंबांना धारावीतच घर देण्याचा शासन निर्णय काढा. तोवर एकही शिडी उतरवू नका.

निलंगा तालुक्यातील एक रहिवासी