गाभारा नसलेला देव

जपानला जाऊन आलेला मराठी माणूस हटकून दोन गोष्टींबद्दल बोलतो : बुलेट ट्रेनचा वेग आणि तिथली स्वच्छता. दोन्हींचे कौतुक रास्तच आहे. पण त्या देशाची आणखी एक ओळख आहे आणि ती ताशी तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. तिच्यासाठी नारा या जुन्या राजधानीच्या स्थानकावर साकुराईला जाणारी साधी लोकल धरावी लागते. मोजक्या डब्यांची ही गाडी एकेरी रुळावरून, जवळजवळ प्रत्येक स्थानकाला रामराम घालत निघते. बाजूला भातखाचरे, कौलारू घरे आणि शरद ऋतूत आपल्या तेंदूच्या कुळातल्या नारिंगी फळांनी लगडलेली झाडे. अर्ध्या तासाच्या आसपास मिवा नावाचे छोटेसे स्थानक येते.

त्याच्या आधीच्या माकिमुकु स्थानकाजवळ झाडांनी झाकलेली एक टेकडी दिसते. ती टेकडी नव्हे, माणसांनी रचलेली समाधी आहे : हाशिहाका. आकार कुलपाच्या भोकासारखा, लांबी सुमारे २८० मीटर आणि काळ इसवी सनाचे तिसरे शतक. जपानच्या राज्यसंस्थेची सुरुवात याच परिसरात झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. या समाधीच्या पाठीशी ४६७ मीटर उंचीचा, गर्द झाडीचा एक डोंगर उभा आहे. तोच मिवा.

स्थानकापासून चालत काही मिनिटांवर ओमिवा हे शिंतो देवस्थान आहे. जपानमधल्या सर्वांत जुन्या देवस्थानांत त्याची गणना होते. उंच देवदारांसारख्या सुगी वृक्षांतून वाट वर जाते आणि आपण प्रार्थनामंडपासमोर येतो. हा मंडप १६६४ साली शोगुन तोकुगावा इएत्सुना याने नव्याने बांधवला. हात जोडून आपण आत डोकावतो आणि गोंधळतो. आत मूर्ती नाही. गाभाराच नाही. मंडपाच्या मागे तीन कमानी जोडून केलेले एक लाकडी तोरणद्वार आहे आणि त्याच्या मागे नुसते रान. देव कुठे आहे, असे विचारले तर उत्तर एकच : समोरचा डोंगर हाच देवाचा देह. त्याच्यासाठी वेगळे घर कशाला बांधायचे?

७१२ साली लिहिल्या गेलेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात या देवाची एक कथा आहे. एका सुंदर तरुणीकडे रोज रात्री एक अनोळखी पुरुष येई. आईवडिलांच्या सांगण्यावरून तिने त्याच्या वस्त्राच्या काठात सुईने दोरा ओवला. सकाळी पाहतात तो दोरा दाराच्या कुलपाच्या भोकातून बाहेर गेलेला आणि रिळाला फक्त तीन वेढे उरलेले. दोऱ्याचा माग काढत गेले, तर तो मिवाच्या देवस्थानापाशी पोचला. ‘मि’ म्हणजे तीन, ‘वा’ म्हणजे वेढे. नावाची ही उपपत्ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांना देव डोंगराबाहेर कल्पताच आला नाही, एवढे मात्र खरे.

या श्रद्धेचे व्यवहारातले रूप अधिक बोलके आहे. या डोंगरावरची झाडे तोडायची नाहीत, हा दंडक शतकानुशतके चालत आला आहे. एके काळी सामान्यांना वर पाऊल टाकायलाच बंदी होती. आज जाता येते, पण शिस्तीने. शेजारच्या साई देवस्थानात सकाळी नाव नोंदवायचे, तीनशे येन भरायचे, गळ्यात पांढरा पट्टा घालायचा आणि ठरल्या वेळेत खाली यायचे. वर पाणी चालते, पण खाणे नाही. छायाचित्र नाही. वरून काहीही उचलून आणायचे नाही. लाखोंनी कॅमेरे विकणाऱ्या देशात एक डोंगर असा आहे की ज्याचे चित्र तुम्हाला डोळ्यांतूनच न्यावे लागते.

आणि म्हणून गाव उपाशी राहिले का? मुळीच नाही. मिवाच्या सोमेन प्रसिद्ध आहेत. आपल्या शेवयांच्या बहिणी शोभतील अशा, थंडीत ताणून वाळवलेल्या. त्यांचा भाव काय राहील, याचा कौल दर ५ फेब्रुवारीला देवाला लावला जातो. हा देव मद्य गाळणाऱ्यांचाही. १४ नोव्हेंबरला त्यांचा उत्सव होतो आणि सुगीच्या पानांचे गोल गुच्छ देशभरच्या भट्ट्यांच्या दारांवर टांगायला जातात. देवाचे रान शाबूत ठेवूनही देवाच्या नावावर पोट भरता येते, याचा हा जुना दाखला.

यावर कोणी म्हणेल, जपानी माणसे मुळातच निसर्गपूजक, आपली त्यांच्याशी काय बरोबरी? हा समज भाबडा आहे. १९०६ साली जपानच्याच सरकारने लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण राबवले. कारभार सुटसुटीत व्हावा, हे कारण. काही वर्षांतच सुमारे दोन लाख देवस्थानांतली सत्तर हजारांवर नाहीशी झाली. देव हलवला की मागे उरते ते नुसते लाकूड. राया तुटल्या आणि विकल्या गेल्या. त्याविरुद्ध वाकायामा प्रांतातला मिनाकाता कुमागुसु हा निसर्गशास्त्रज्ञ उभा राहिला. लंडनमध्ये वर्षे काढलेला हा अवलिया सांगत राहिला की राई गेली की पाखरे जातात, पाखरे गेली की पिकांवर कीड येते आणि देवस्थान गेले की गावाला एकत्र आणणारे काही उरत नाही. १९१० साली अधिकाऱ्यांच्या एका सभेत घुसून दंगा केल्याबद्दल त्याला तुरुंगातही जावे लागले. अखेर १९२० साली वरिष्ठ सभागृहाने हे धोरण थांबवण्याचा ठराव केला. तोवर गेलेल्या राया मात्र परत आल्या नाहीत. म्हणजे श्रद्धा आपोआप रान राखत नाही. कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या देवराया याच जातीच्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे ठेवला, तेव्हा शहरी मराठी माणसाला त्यांची नव्याने ओळख झाली. खेड्यातल्या आजीला ती आधीच होती. रायीतली काडी घरी आणायची नाही, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. अनेक ठिकाणी देव म्हणजे झाडाखालचा शेंदूर फासलेला तांदळा, डोक्यावर छप्पर नसलेला. आज त्याच तांदळ्यावर आधी पत्रा येतो, मग स्लॅब. मग सभामंडप, कमान, ऑइलपेंट, फरसबंदी आणि गाड्या उभ्या करायला सपाट केलेली जागा. त्या जागेवर कालपर्यंत ऐन आणि बेहडा उभे होते. याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. खर्चासाठी झाडे विकली जातात, आणि देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात.

हे करणाऱ्यांची भक्ती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्यात राबून चार पैसे गाठीला बांधलेल्या माणसाला गावच्या देवासाठी काही करावेसे वाटते, यात गैर काय? पण देवासाठी करणे म्हणजे देवावर बांधणे, हे समीकरण कोठून आले? मिवाच्या पायथ्याशीही १९८६ साली बत्तीस मीटर उंचीचे पोलादी तोरणद्वार उभे राहिले. हौस तिथेही आहे. पण ती रस्त्यावर थांबली, डोंगर चढली नाही. मर्यादा म्हणतात ती हीच.

तेव्हा जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी गावकीने एक बैठक रायीतच घ्यावी. झाडे मोजावीत, म्हाताऱ्यांना त्यांची नावे विचारावीत, मुलांना ती लिहून घ्यायला सांगावीत. पैसा जमलाच आहे तर कुंपणाला, झऱ्याच्या सफाईला, राखणदाराच्या पगाराला लावावा. एवढे करूनही छप्पर हवेच असे वाटले तर ते रायीच्या बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर घालावे. देव इतकी वर्षे पावसात भिजला आहे, त्याची तक्रार कोणी ऐकलेली नाही.